परात क्रमांक एक, २३० व्होल्ट

माणसाला पन्नाशीनंतर काय काय होऊ शकतं याची यादी डॉक्टरांकडे तयार असते. तीत साखर असते, रक्तदाब असतो, गुडघे असतात. भरमाप्पा हुक्केरींना बावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर झाला, आणि त्यावर कोल्हापुरात तेव्हा तरी औषध नव्हतं.

कागलकडच्या एका साखर कारखान्याच्या गोदामात ते सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होते. एवढ्या वर्षांत वहीत एक आणि फळीवर दुसरंच, असं एकदाही झालं नव्हतं, आणि ही गोष्ट ते लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. दोन हजार एक सालच्या गणपतीनंतर कारखान्याने त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला धाडलं. तिथे त्यांना कळलं, की गोदामातल्या प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा सिरियल नंबर देता येतो. तो सॉफ्टवेअरमध्ये घातला की ती वस्तू कधी आली, कुणी नेली, कधी परत येणार, सगळं बटण दाबताच पडद्यावर दिसतं. 'मोटरी, चाळीस नग' असं मोघम नाही. चाळिसातल्या प्रत्येक मोटरीला नाव-गाव-पत्ता. तिसऱ्या दिवशी भरमाप्पा रडायचेच बाकी होते.

कारखान्याने खरोखरच कॉम्प्युटर आणला. काचेच्या खोलीत ठेवला, आणि त्याच्यासमोर कार्यकारी संचालकांच्या मेहुण्याला बसवलं. भरमाप्पांना खोलीत शिरताना चपला काढायला सांगण्यात आलं आणि शिरल्यावर बाहेर जायला सांगण्यात आलं. सव्वीस वर्षांच्या स्टोअरकीपरने हा अपमान गिळला खरा, पण तो पचला नाही. आता कुठल्यातरी गोदामातल्या कुठल्यातरी वस्तूंना नंबर घातल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

असं एक गोदाम त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर होतं.

ढोणे गल्लीचं जय बजरंग तरुण मंडळ एकोणीसशे छप्पन सालचं. त्यातला सर्वांत तरुण सभासद पंचेचाळीस वर्षांचा होता, तो म्हणजे माजी पैलवान हंबीरराव चौगुले. गल्लीतल्या मारुतीच्या देवळामागे मंडळाचं पत्र्याचं गोदाम होतं आणि त्यात गल्लीची भांडी होती. पातेली, पराती, घंगाळं, झारे, वगराळी, ताटं, तांबे. कुणाचं लग्न असो, बारसं असो, जावळ असो, भांडी तिथून जायची आणि जमलं तर परत यायची. नोंद म्हणून जे काही होतं ते मंडळाचे संस्थापक पिराजीआण्णा यांच्या डोक्यात होतं. आण्णांचं वय एक्क्याऐंशी. छप्पन सालचं त्यांना सगळं आठवायचं, गेल्या आठवड्यातलं काहीच नाही.

नोव्हेंबरच्या सभेत भरमाप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, प्रत्येक भांड्याला सिरियल नंबर घालायचा आणि सगळा साठा सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा. सॉफ्टवेअर म्हणजे काहीतरी मऊ कापड असावं अशा समजुतीने दोघांनी मान डोलावली.

"झाऱ्याला नंबर?" हंबीरराव म्हणाला. "आणि झारा गेला तर कॉम्प्युटर उठून जातोय व्हय त्याला आणायला?"

"न्हेणाऱ्याचं नाव लागतंय त्यात. जाईल कुठं?"

"जायचा तिथं जातोयच की. तुमच्या कारखान्यातनं बी जात असंल."

हे बोलणं भलत्या ठिकाणी लागलं. भरमाप्पांची मिशी ही गल्लीतली एक मान्यवर मिशी होती. रुंद, दोन्ही बाजूंना टोकं वर, दर रविवारी कोपऱ्यावरच्या कृष्णातच्या सलूनमध्ये कातरलेली. तिच्या उजव्या टोकाला हात घालून ते म्हणाले, "अक्षय तृतीयेच्या आदल्या रविवारी मोजणी घ्या. कॉम्प्युटरात हाय आणि गोदामात न्हाई असा एक चमचा जरी निघाला, तरी मारुतीसमोर बसून ही मिशी उतरवीन."

सभेने ठराव एकमताने मंजूर केला. कॉम्प्युटर भरमाप्पांनी स्वखर्चाने आणायचा होता, त्यामुळे विरोध असा कुणाचा नव्हताच. घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, हिराबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मिशी कुणाला इचारून लावली?" त्या निपाणीकडच्या. त्यांना फार बोलावं लागत नसे.

काम नंबरापासूनच अडलं. गोदामातली निम्मी भांडी कुणीतरी कुणाच्यातरी स्मरणार्थ दिलेली होती आणि तशी नावं त्यांवर कोरलेली होती. आमच्या आजोबांना चारशे सतरावा नंबर आणि त्यांच्या पंजोबांना बावन्नावा, हे कसं काय, अशी विचारणा करायला लोक संध्याकाळी घरी येऊ लागले. येताना सल्लेही आणत. कुणी म्हणे वजनावर नंबर द्या. कुणी म्हणे आडनावावर द्या. हे सुचवणाऱ्याचं आडनाव आडसुळे होतं. एक नंबरावर तर अकरा घरांनी हक्क सांगितला. शेवटी पिराजीआण्णांनी काठी आपटली.

"एक नंबर देवाचा," ते म्हणाले. "मंडळाचं पहिलं भांडं छप्पन साली वर्गणीतनं घेतलं, पितळेची परात. मारुतीच्या नावानं. 'श्री' घातलं होतं तिच्यावर, फुडं एकचा आकडा. आता कुठं हाय ती कुणास ठावं. पण एक नंबर तिचा."

देवाशी भांडायला कुणी तयार नव्हतं. अकराही घरं गप्प झाली, आणि भरमाप्पांनी अकराशे सदतीस भांड्यांना दोनपासून पुढे नंबर दिले.

पहिल्यांदा त्यांनी कागदी चिकटपट्ट्या लावल्या. तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच कार्य आडसुळ्यांचं होतं. आमटी उकळली आणि पट्ट्या सुटल्या. व्याह्यांच्या ताटात ३१२ आला, करवलीच्या वाटीत ८८. व्याही शांतपणे तो बाहेर काढून म्हणाले, "आमचा नंबर लागला बघा." आडसुळ्यांनी त्या दिवसापासून भरमाप्पांशी बोलणं सोडलं.

मग जोतीरामला बोलावलं. भांड्यांवर मशीनने नाव घालण्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात नव्हता, पण बावीस वर्षं एकच काम केल्यामुळे त्याच्या हाताला वळण लागलेलं होतं. नुसता आकडा त्याला घालताच येईना. आकडा काढला की मशीन आपोआप पुढे जायचं. संध्याकाळी भरमाप्पांनी पहिली पन्नास भांडी तपासली तर त्यांवर 'क्र. १४ यांजकडून सप्रेम भेट' असं सुबक अक्षरात होतं. काहींवर 'कै. क्र. ३७ यांच्या स्मरणार्थ' होतं.

"कै. कशाला घातलंस?"

"मोकळं दिसत होतं," जोतीराम म्हणाला. "आणि भांडं बी जुनंच होतं की."

कॉम्प्युटर मिळाला तो शाहूपुरीतल्या एका बंद पडलेल्या दुकानाचा. दुकान टीव्ही, पंखे आणि मिक्सर विकायचं. साठ्याचं सॉफ्टवेअर आतच होतं, सिरियल नंबरसकट, आणि ते बघून भरमाप्पांना देव भेटल्याचा आनंद झाला. टाइप करायला त्यांनी शांभवीला बसवलं. ही त्यांची एकुलती एक मुलगी, बी.कॉम. झालेली, वडिलांपेक्षा शांत. पहिलंच पातेलं घालताना ती थांबली.

"आप्पा, हे व्होल्टेज विचारतंय."

"रिकामं सोड."

"सोडत न्हाई. पुढं जातच न्हाई त्याशिवाय."

भरमाप्पांनी विचार केला. ज्या गोदामात पंखे राहिले त्या गोदामाला व्होल्टेज लागणारच, यात सॉफ्टवेअरची चूक म्हणता येणार नव्हती. "घाल दोनशे तीस," ते म्हणाले. "कमी-जास्त नको."

अशा रीतीने ढोणे गल्लीतली प्रत्येक वाटी दोनशे तीस व्होल्टची झाली आणि तिला बारा महिन्यांची वॉरंटी मिळाली. आता सॉफ्टवेअर एकच्या नंबरावर येऊन अडलं. दोनपासून सुरुवात त्याला मान्य नव्हती. मग देवाची परात आत घ्यावी लागली. 'परात, पितळी, क्र. १, खरेदी १९५६.' ती गोदामात नाही, म्हणून 'बाहेर दिली' असं केलं. कुणाला दिली, हे रिकामं सोडता येईना. भरमाप्पांनी 'श्री' लिहायला लावलं. परत कधी येणार, हेही रिकामं सोडता येईना. शांभवीने मोजणीच्या रविवारची तारीख घालून टाकली, कारण तिला स्वयंपाकाला उशीर होत होता. हा एवढासा आकडा पुढे केवढ्याला पडणार आहे, याची त्या वेळी दोघांनाही कल्पना नव्हती.

घराघरांत गोदामाची भांडी अडकली असतील म्हणून भरमाप्पांनी एक पाहणीही काढली. हातात पॅड, कानावर पेन्सिल. हंबीररावाच्या घरी गेले तेव्हा त्याची आई शालूबाई भाकरीचं पीठ मळत बसली होती. वय सत्तरीच्या पुढचं, पण मनगटं लेकासारखी. भरमाप्पांना बघताच तिने पदर पसरून पुढ्यातली परात झाकली.

"आमच्यात काय न्हाई मंडळाचं," ती म्हणाली. अजून त्यांनी काही विचारलंही नव्हतं.

भरमाप्पांनी 'चौगुले – निरंक' असं लिहिलं आणि ते पुढच्या घरी गेले. सव्वीस वर्षांचा अनुभव माणसाला असा ऐन वेळी दगा देतो.

फेब्रुवारीत दोन गोष्टी झाल्या. पहिली, शांभवीचं लग्न ठरलं. मुलगा जयसिंगपूरचा, सोमेश नावाचा, घरचं बी-बियाण्याचं दुकान. मुहूर्त निघाला तो नेमका मोजणीनंतरच्या गुरुवारचा. हिराबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या मिशीकडे पाहिलं.

"आमच्याकडं पन्नाशीच्या माणसाची मिशी एकाएकी गेली की लोक इचारत्यात, कोण गेलं म्हणून. पोरीच्या लग्नात हे इचारलं ना कुणी, तर मी तुमच्याशी जन्मात बोलायची न्हाई."

"एक चमचा हलणार न्हाई," भरमाप्पा म्हणाले. पण त्या दिवसापासून ते रोज सकाळी देवळाआधी गोदामात जाऊ लागले.

दुसरी गोष्ट कृष्णातची. सलूनवाल्या कृष्णातने घरच्या कार्याला वगराळं नेलं, तेव्हा त्याला छापील पावती मिळाली: 'वगराळे, क्र. ३१, २३० व्होल्ट.' शॉक बसू नये म्हणून त्याच्या बायकोने लाकडी पाटावर उभं राहून त्या वगराळ्याने आमटी वाढली. नंतर वगराळं परत करायचं राहून गेलं. मुदत संपल्या दिवशी कॉम्प्युटरने स्मरणपत्र काढलं, आणि भरमाप्पा ते घेऊन भर गिऱ्हाइकांत सलूनमध्ये गेले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. कृष्णातच्या हातातला वस्तरा थांबला. वगराळं त्याने दिलं, पण तो म्हणाला, "ध्यानात ठेवतो, काका."

गल्ली मात्र हादरली. यंत्राला एका वगराळ्याची तारीखवार आठवण राहते, म्हणजे त्याला अठ्ठ्याऐंशी सालचंही माहीत असणार असा लोकांचा हिशेब झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या पायरीवर एक पातेलं येऊन बसलं होतं. त्याच्यावर नंबर नव्हता. त्यानंतर रोज काही ना काही येऊ लागलं. दहा-दहा, वीस-वीस वर्षं पोटमाळ्यावर दडलेली मंडळाची भांडी पहाटे उतरून पायरीवर येऊन बसत. आता, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही तर आपली रीतच. चोरून नेलेलं भांडं झालं म्हणून काय झालं, रीत ती रीत. त्यामुळे प्रत्येक भांडं भरलेलं असे. शिरा, मटकीची उसळ, गव्हाची खीर, एकदा तर घंगाळभर मसालेभात. खाली चिठ्ठी नाही, नाव नाही. गोदामात मुंग्या झाल्या. गल्लीतली तीन कुत्री पायरीवर मुक्कामाला आली आणि जाडजूड झाली. परत आलेल्या वस्तूच्या स्थितीबद्दल सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना होता; शांभवी त्यात 'भरलेली, गोड' किंवा 'भरलेली, तिखट' असं इमानदारीत घालत होती. जादा भांड्यांची संख्या एकसष्टवर गेली. साठा कमी होण्याऐवजी वाढणारं हे जगातलं एकमेव गोदाम असावं, अशी भरमाप्पांची खात्री पटत चालली. ते मिशीला तूप लावू लागले.

मोजणीचा रविवार उजाडला. देवळासमोर मांडव घालून सगळी भांडी मांडली. पिराजीआण्णा खुर्चीवर. एका टेबलावर कॉम्प्युटर, त्याला देवळातून वायर. हंबीरराव भांडं उचलून नंबर वाचणार, शांभवी पडद्यावर खूण करणार. सकाळी आठला सुरू झालेलं काम दुपारी तीनला संपलं. दोनपासून अकराशे अडतीसपर्यंत एकूण एक भांडं हजर होतं. वर एकसष्ट जादा. गल्लीने टाळ्या वाजवल्या. भरमाप्पांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि शांभवीला म्हणाले, "घे छापून."

छपाईयंत्र बराच वेळ करकरलं. कागदावर एकच ओळ आली. हंबीररावाने ती मोठ्याने वाचली.

"परात, पितळी, क्रमांक एक, दोनशे तीस व्होल्ट. घेणार: श्री. मुदत संपली. येणे बाकी."

मग त्याने भरमाप्पांकडे बघितलं. "कॉम्प्युटरात हाय आणि गोदामात न्हाई. असंच म्हणालता न्हवं?"

लोक एकदम बोलू लागले. देवाची परात, ती काय मोजायची? जादा एकसष्ट हायत की, त्यातली एक धरा. आडसुळेसुद्धा, जे अजून बोलत नव्हते, ते म्हणाले की ही ओळ खोडून टाका म्हणजे झालं. शांभवीने खोडायच्या बटणावर बोट ठेवलं आणि वडिलांकडे पाहिलं.

भरमाप्पा त्या ओळीकडे बघत होते. खोडणं सोपं होतं. सव्वीस वर्षांत किती जणांनी त्यांना 'एवढं खोडा की' म्हटलं होतं, आणि त्यांनी खोडलं नव्हतं म्हणून ते स्टोअरकीपर होते. हिराबाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं मात्र भरमाप्पांना धैर्य झालं नाही.

"खोडायचं न्हाई," ते म्हणाले. "नोंद मी केली. वस्तू न्हाई. कृष्णातला बोलवा."

कृष्णात लांब नव्हताच. तो साहित्य घेऊनच आला होता, हे पुढे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं. भरमाप्पा मारुतीसमोर पाटावर बसले. आता हंबीररावाचा चेहरा उतरला. माणूस खरंच बसेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"भरमाप्पा, राहू द्या," तो म्हणाला. "मी आपली चेष्टा केलती."

"मी न्हवती केली."

"पोरीचं लगीन हाय गुरवारी."

"तारीख म्हाईत हाय मला," भरमाप्पा म्हणाले. ते पाटावरून हलले नाहीत.

कृष्णातने साबण लावला. "काका, एकतीस नंबरचं वगराळं आठवतंय न्हवं?" असं हळूच विचारून त्याने वस्तरा टेकवला, आणि मिशीची डावी बाजू एका झटक्यात उतरवली. बायकांमधून हुंदका आला. तो हिराबाईंचा नव्हता. हिराबाई वेगळ्याच गोष्टीकडे बघत होत्या.

गल्लीच्या वरच्या टोकाकडून शालूबाई येत होती. डोक्यावर परात, परातीवर पांढरं फडकं. गर्दी बाजूला झाली. ती सरळ मारुतीपुढे आली, परात खाली ठेवली आणि फडकं काढलं. आत रव्याचे लाडू होते, रचून, शंभरावर असतील.

"आये, हे काय?" हंबीरराव म्हणाला.

"गप ऱ्हा." तिने लाडू भराभर फडक्यावर काढले आणि परात उभी करून पिराजीआण्णांपुढे धरली. काठावर झिजलेली अक्षरं होती. श्री. पुढे एकचा आकडा.

आण्णांनी त्यावरून बोट फिरवलं. "हीच," ते म्हणाले. "मी घातलंय हे नाव. खिळ्यानं."

"सत्तावन्न साली ह्येच्या बारशाला न्हेलती," शालूबाई लेकाकडे हात करून म्हणाली. "परत द्यायची तर रिकामी कशी देऊ? घरात गूळ न्हवता. म्हटलं उद्या दिऊ. उद्या सासू आजारी पडली. मग म्हटलं सुगी झाली की भरून दिऊ. मग लाज वाटाय लागली. जेवढा उशीर, तेवढं जास्त भरून द्याय पायजे की. किती भरू? पंचेचाळीस वर्षांचं किती भरायचं, सांगा." तिने पदराने डोळे पुसले. "तीन दिस लाडू वळतोय. एवढंच झालं."

हंबीरराव परातीकडे बघत उभा होता. जन्मल्यापासून ज्या भाकरी खाऊन तो पैलवान झाला, त्या सगळ्या याच परातीत मळलेल्या होत्या.

"निरंक," भरमाप्पा अर्ध्या मिशीतून पुटपुटले. "मी सवता लिहिलंय. चौगुले, निरंक."

शांभवी टेबलापाशी गेली. परात, क्रमांक एक. परत आली: आज. स्थिती: भरलेली, गोड. तिने बटण दाबलं. पडद्यावर 'वॉरंटीची मुदत संपली आहे' अशी सूचना आली, आणि खाली येणे बाकी: काही नाही. सव्वीस वर्षांप्रमाणेच जे वहीत तेच फळीवर. भरमाप्पा जिंकले होते. एक चमचा कमी नव्हता. कमी होती ती फक्त डाव्या बाजूची मिशी.

"आता?" कृष्णातने वस्तरा धरून विचारलं. त्याचाही बदला अर्ध्यावर अडकला होता आणि त्यात आता गोडी राहिली नव्हती. "चिकटवता तर येत न्हाई."

हिराबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा एकदा डावीकडून पाहिला, एकदा उजवीकडून पाहिला. भरमाप्पांनी डोळे मिटून घेतले.

"काढा सगळी," त्या म्हणाल्या. "लग्नात कोण कायबी इचारू दे. मी बोलीन तुमच्याशी."

उजवी बाजू उतरली. भरमाप्पा उठले, तर पाटावर हंबीरराव येऊन बसला. "माझी बी काढ," तो म्हणाला. कृष्णात बघतच राहिला. "ऐकू आलं न्हाई व्हय? परात माझ्या घरात, आणि मिशी ह्येंची गेली. काढ." त्याच्यानंतर आडसुळे आले. ते भरमाप्पांशी बोलले नाहीत, पण बसले. मग पिराजीआण्णा खुर्चीवरून उठले, आणि साठ वर्षांची पांढरी मिशी कृष्णातपुढे केली. संध्याकाळपर्यंत जय बजरंग तरुण मंडळ प्रथमच खरोखर तरुण दिसू लागलं. जोतीराम जादा एकसष्ट भांडी पुढ्यात घेऊन नंबर घालायला बसला. त्याला कुणी काही सांगितलं नाही, त्यामुळे सगळी भांडी सप्रेम भेट झाली.

गुरुवारी लग्न लागलं. पंगती बसल्या. वाढायला मंडळाचे सात जण होते, सातही जण मिशीविना, आणि आठवा मुलीचा बाप. जयसिंगपूरकडच्या पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. सोमेशचे मामा बराच वेळ एकेकाचा चेहरा न्याहाळत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. लाडवांची पितळी परात घेऊन हंबीरराव त्यांच्यापाशी आला, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण कोण गेलं म्हणायचं?"

समोर हिराबाई तुपाची वाटी घेऊन थांबल्या. हंबीररावाने परातीच्या काठावरून अंगठा फिरवला.

"कुणी गेलं न्हाई, पावणं," तो म्हणाला. "एक परत आलंय." आणि त्यांच्या ताटात लाडू वाढून तो पुढच्या पाटाकडे सरकला.